आकाशातील बोली

उपग्रहाची चित्रवाणी या देशाने प्रथम खेड्यांत नेली, ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उसन्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. तेव्हा साऱ्या गावाला एक संच आणि तारेच्या जाळीची दहा फुटी थाळी असे.

पुढे उपग्रहांची शक्ती वाढली, थाळी परातीएवढी झाली आणि मच्छीमाराच्या कौलांवरही दिसू लागली. २००४ साली दूरदर्शनने सुरू केलेल्या व आज 'फ्री डिश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेस मासिक वर्गणी नाही. आषाढाच्या मुसळधार पावसात चित्र गोठते, एवढाच काय तो निसर्गाचा कर.

परंतु या सेवेतील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात; आणि लिलावात बोली चालते ती पैशाची. मोठ्या बाजारपेठेची भाषा तेथे सहज जिंकणार, हे उघड आहे. ज्या घराला वर्गणी परवडत नाही, त्याला आपली भाषाही परवडू नये काय? मराठी-कोंकणीसारख्या भाषांना सवलत नव्हे, हक्काची जागा हवी, असे आम्हांस वाटते. आकाश सार्वजनिक आहे; त्याचा विसर सरकारला पडू नये.