दोन मिनिटांचा विमानप्रवास

अंतराला वेगानें भागिलें असतां लागणारा वेळ निघतो, हें गणित विद्यार्थिमित्रांनीं पाटीवर अनेकदां सोडविलें असेल. परंतु पाटीवर आलेलें उत्तर आकाशांतही खरें ठरतें काय? जगांतील सर्वांत लहान नियमित विमानमार्गाचें उदाहरण घेऊन आपण हें पाहूं.

स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रांत ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे ह्या शेजारच्या दोन बेटांवर एकेक लहानसा विमानतळ आहे. दोहोंमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर! एडिंबरो येथील विमानतळाची धांवपट्टीही जवळजवळ एवढीच लांब आहे. ह्या मार्गावर १९६७ सालीं विमानसेवा सुरू झाली. येथील आयलंडर जातीच्या विमानास दोन इंजिनें असतात, आणि त्यांत आठच उतारू बसतात.

आतां गणित करूं. हें विमान पूर्ण वेगांत ताशीं सुमारें २४० किलोमीटर, म्हणजे मिनिटास ४ किलोमीटर जातें. त्या हिशेबानें २.७ किलोमीटरांस साडेचाळीस सेकंद पुरावेत. वेळापत्रकांत मात्र दोन मिनिटें धरलेलीं असतात. कॅप्टन स्टुअर्ट लिंक्लेटर ह्यांनीं ५३ सेकंदांत हा प्रवास केला, तो उच्चांक मानला जातो. म्हणजे उच्चांकासही पाटीवरचें उत्तर गांठतां आलें नाहीं!

ह्याचें कारण उघड आहे. पाटीवरचें विमान पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगांत असतें. खरें विमान जमीन सोडतें तेव्हां त्याचा वेग बराच कमी असतो, आणि उतरण्यापूर्वीं तो पुन्हां कमी करावा लागतो. येथें वेग चढतो न चढतो तोंच उतरण्याची वेळ येते. दुसरें कारण वारा. पंखांस आधार मिळावा म्हणून विमान शक्यतों वाऱ्यास तोंड करून उठतें व उतरतें. त्यामुळें कधीं कधीं वळसा घ्यावा लागतो. दूरच्या प्रवासांत अशीं चार-दोन मिनिटें कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. येथें सारा प्रवासच तेवढ्याचा आहे.

मग एवढ्याशा अंतरास विमान कशास हवें? पापा वेस्ट्रेवर शंभराहून कमी माणसें राहतात. दोन बेटांमध्यें नावही चालते. पण हिवाळ्यांत तेथील समुद्र फार खवळतो. आजाऱ्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें, तर किर्कवॉल शहर गांठावें लागतें. वरच्या इयत्तांच्या शिक्षणासाठींही मुलांस तेथें जाऊन राहावें लागतें. किर्कवॉलचें विमान हीं दोन बेटें घेत जातें, म्हणूनच त्या दोन मिनिटांचें मोल मोठें आहे. अंतर किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. मध्यें काय आहे, हेंही विचारावें लागतें.

जातां जातां एक उदाहरण: ताशीं ४० किलोमीटर वेगाचा वारा समोरून येत असेल, तर साडेचाळीस सेकंदांचे किती सेकंद होतील? उत्तर विद्यार्थ्यांनीं स्वतःच काढावें.