निवृत्तीनंतर वेळ जातो कुठे?

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, असा सार्वत्रिक समज आहे. निवृत्त होणाऱ्याचाही तोच समज असतो. निरोपसमारंभात राहून गेलेले वाचन, प्रवास, संगीत, बागकाम यांचा आवर्जून उल्लेख होतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षांतच निराळा अनुभव येऊ लागतो. सकाळ कशी सरली ते कळत नाही, दुपारी थोडी विश्रांती होते न होते तोच दिवेलागण होते आणि ठरवलेल्या कामांतील निम्मी उद्यावर जातात. ‘नोकरीत होतो तेव्हा एवढी धावपळ नव्हती’ हे उद्गार ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर आणि बँकेतील निवृत्तिवेतनाच्या खिडकीपुढे सारखेच ऐकू येतात. ऐकणाऱ्या तरुणांना त्यात अतिशयोक्ती वाटते. घरातली माणसे ‘तुम्हाला काय काम असते?’ असे विचारून मोकळी होतात.

ही तक्रार मात्र पोकळ नाही. तिच्यामागे शरीराचे, मनाचे आणि समाजव्यवस्थेचे काही नियम आहेत. साठाव्या वर्षी भारतीय माणसाच्या वाट्याला सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते. ते कशात खर्च होते, हे समजून घेतल्यास त्यातील काही भाग मनाजोगता घालवता येईल. म्हणूनच या धावपळीची कारणे नीट पाहणे अगत्याचे ठरते.

चौकट गेली की काम पसरते

नोकरीमुळे माणसाचा वेळ जातो हे खरे. पण नोकरी त्या वेळेला शिस्तही लावते. साडेनऊची गाडी पकडायची असली की दाढी, अंघोळ, न्याहारी ठरावीक मिनिटांत उरकते. शिवाय कोणती कामे आपण करायची नाहीत, हेही नोकरीच ठरवून देते. लाईटबिल कोणीतरी भरते, नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट कोणीतरी पाहते, लग्नकार्याला घरातले दुसरे कोणी जाऊन येते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ही सारी कामे ‘आता तुम्ही घरीच असता’ या एका वाक्यासरशी निवृत्त माणसाकडे येतात.

ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात एक मिस्कील निबंध लिहिला. उपलब्ध वेळ जितका असेल तितके काम फुगत जाते, हा त्यांचा सिद्धान्त पुढे ‘पार्किन्सनचा नियम’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. नियमाचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता. पण त्यांनी दिलेले पहिले उदाहरण रिकामपण असलेल्या एका वृद्ध स्त्रीचे होते. भाचीला साधे पोस्टकार्ड धाडण्यात तिचा सबंध दिवस जातो. कार्ड शोधणे, चष्मा शोधणे, पत्ता शोधणे, मजकूर जुळवणे, पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही हे ठरवणे, अशी त्या दिवसाची विभागणी असते. कामात गढलेल्या माणसाला याच कामाला तीन मिनिटे पुरली असती. विनोद बाजूला ठेवला तरी निरीक्षण अचूक आहे. वेळेची कड नाहीशी झाली की कामालाही कड राहत नाही.

गती मंदावते, हिशेब जुनाच राहतो

पार्किन्सन यांच्या निबंधात न आलेली एक बाजू मानसशास्त्राने पुढे आणली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, वयोमानाने होणाऱ्या बौद्धिक बदलांचे एक मोठे कारण मेंदूची माहिती हाताळण्याची गती मंदावणे हे आहे. समज, शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेला विवेक हे बराच काळ टिकून राहतात. मात्र तेच काम करायला अधिक क्षण लागतात. फॉर्मवरील बारीक अक्षरे वाचणे, खातेक्रमांक उतरवून घेणे, मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक वेळेत टाकणे, या प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा जादा वेळ जातो.

शरीराचेही तसेच. निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. ऐंशीच्या आसपास ही गती सुमारे ०.९५ मीटरवर येते. बँकेची शाखा घरापासून एक किलोमीटर असेल, तर जाऊन येण्यास पूर्वी २६ मिनिटे लागत, आता ३५ लागतात. नऊ मिनिटांचा फरक किरकोळ वाटेल; परंतु चपला घालणे, जिना उतरणे, रस्ता ओलांडण्यासाठी थांबणे, परतल्यावर दम खाणे यांची भर पडली की अर्ध्या तासाचे काम तासावर जाते. शिवाय तरुणपणी एका हाताने फोनवर बोलत दुसऱ्या हाताने भाजी निवडता येई. उतारवयात दोन कामे एकदम करणे जड जाते. ती एकामागून एक करावी लागतात.

अडचण अशी की मनातला हिशेब मात्र चाळिशीतलाच असतो. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस नेहमीच कमी धरतो, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते. उतारवयात ही चूक अधिक महाग पडते. सकाळसाठी पाच कामे योजली जातात, तीन पार पडतात आणि उरलेल्या दोहोंची रुखरुख दिवसभर पुरते.

नवी कामे कोणती?

जुन्या कामांना लागणारा वेळ वाढत असतानाच काही कामे नव्याने येतात. पहिले काम शरीराच्या देखभालीचे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, रक्तदाब व साखरेच्या नोंदी, डॉक्टरांची वेळ, तपासणीचे अहवाल, सांगितलेले व्यायाम, पथ्याचे वेगळे जेवण ही सारी मिळून जणू एक अर्धवेळ नोकरीच होते.

दुसरे काम कागदपत्रांचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर वेतन थांबते. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही, त्यांना ठेवींच्या व्याजातून करकपात होऊ नये म्हणून आर्थिक वर्षाच्या आरंभी स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. मुदत ठेवींच्या तारखा, विम्याचे हप्ते, विवरणपत्र, ओळखीच्या कागदपत्रांची अधूनमधून होणारी फेरतपासणी आहेच. पूर्वी खिडकीपलीकडचा कर्मचारी जी कामे करी, त्यांतील बरीच आता मोबाईलवर ग्राहकाने स्वतः करायची असतात. तरुणाला ही सोय वाटते. पहिल्यांदाच शिकणाऱ्या सत्तरीतल्या ग्राहकासाठी ती एक नवी विद्या असते.

जोडीदाराच्या निधनानंतर हा भार एकाएकी दुप्पट होतो. ज्या पत्नीने कधी धनादेश लिहिला नाही तिच्यापुढे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे अर्ज येतात. ज्या पतीने कधी डाळ शिजवली नाही त्याच्यापुढे रोजचा स्वयंपाक येतो. दुःखाच्या दिवसांत हे सारे शिकावे लागते, याची जाणीव खिडकीच्या दोन्ही बाजूंना असावी.

जिला निवृत्तीच नाही

घरकामाच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष यांची स्थिती सारखी नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रथमच देशव्यापी ‘वेळ-विनियोग सर्वेक्षण’ केले आणि २०२४ मध्ये त्याची दुसरी फेरी झाली. सहा वर्षांवरील ज्या व्यक्ती घरात बिनमोबदल्याचे घरकाम करतात, त्यांपैकी स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ त्यात जातो, असे २०२४ च्या फेरीत आढळले. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रीच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषाचीही जवळपास तितकीच. पतीच्या निवृत्तीनंतर घरात दुपारचे जेवण आणि चहाच्या खेपा वाढतात, नातवंडांची शाळा सांभाळायची असते. तिच्या कामाला मात्र निरोपसमारंभ नसतो. घरातील धावपळ कमी करायची तर कामांची वाटणी हा पहिला उपाय आहे.

लक्षात ठेवण्याचे ओझे

केलेल्या कामापेक्षा न केलेले काम अधिक थकवते, हा अनुभव सर्वांचा आहे. पुढे करावयाच्या गोष्टी लक्षात ठेवण्याच्या शक्तीचा मानसशास्त्रज्ञ स्वतंत्र अभ्यास करतात. आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल या दोन संशोधकांनी १९९० मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे केले. औषधाचे दुकान दिसले की गोळ्या आठवणे, हा खुणेवर अवलंबून असलेला प्रकार. चार वाजता फोन करायचा आहे हे आठवणे, हा वेळेवर अवलंबून असलेला प्रकार. दुसऱ्यात बाहेरून काहीच सुचवत नाही, म्हणून मन सतत पहारा देत राहते. चार वाजताच्या एका फोनसाठी दुपारची झोप मोडते ती यामुळेच.

या पहाऱ्यावर तोडगाही संशोधनातूनच मिळाला आहे. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत असे आढळले, की अपुरे काम केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की ते काम पुरे होण्याआधीच त्याचा मनाला लागलेला लकडा कमी होतो. आजीच्या काळातील उपरण्याच्या गाठीमागे किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील टिपणांमागे हेच शहाणपण होते.

कामात असण्याची प्रतिष्ठा

थोडा भाग समाजमनाचाही आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ट यांनी १९८६ मध्ये असे मांडले, की आयुष्यभर कष्टाला मान देणारा समाज निवृत्तांकडूनही कामात असण्याची अपेक्षा ठेवतो. त्यामुळे निवृत्त माणसे आपण किती व्यग्र आहोत हे आवर्जून सांगतात. आपल्याकडेही ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देताना संकोच वाटतो. मग समित्या, मंडळे, नात्यातील कामे स्वीकारली जातात. त्यांतील काहींत मनापासून आनंद असतो, काही केवळ नकार देता न आल्याने गळ्यात पडलेली असतात. या दोहोंतील फरक ओळखणे हिताचे.

काय करता येईल?

धावपळ पूर्णपणे संपणार नाही. ती आटोपशीर करता येते. सर्व तारखांसाठी एकच वही ठेवावी आणि प्रत्येक कामापुढे दिवस व वेळ लिहावी. दिवसाला बाहेरचे एकच मोठे काम धरावे, शक्यतो सकाळचे, आणि अंदाजापेक्षा दीडपट वेळ राखून ठेवावा. जे वाचन वा संगीत निवृत्तीसाठी राखले होते, त्यालाही वहीत जागा द्यावी. उरलेल्या वेळात करायचे म्हटले की ते होत नाही.

बँकेच्या कामांतही पुष्कळ सुटसुटीतपणा आणता येतो. बिलांसाठी खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची सूचना देता येते. विखुरलेल्या ठेवी थोडक्या शाखांत व सोयीच्या तारखांत आणता येतात. वारसाची नोंद वेळीच केल्यास पुढच्या पिढीच्या खेपा वाचतात. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे. सत्तरीवरील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच मिळाव्यात, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना दिल्या होत्या. आपल्या शाखेत ही सेवा कशी मिळते, याची चौकशी गरज पडण्यापूर्वीच करावी.

कर्मचाऱ्यांनाही एक छोटी गोष्ट करता येईल. ज्येष्ठ ग्राहकाला पुढच्या वेळी कोणकोणती कागदपत्रे आणायची, हे एकदाच आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावे. त्या एका मिनिटाने ग्राहकाची तासाभराची खेप वाचते.

दोन बाबतींत मात्र विशेष सावध राहावे. घाईत असलेले मन फसवणाऱ्यांच्या सोयीचे असते. ‘आत्ताच्या आत्ता पैसे भरा, नाहीतर अटक होईल’ असे दूरध्वनीवर धमकावणारे लोक याच घाईवर जगतात. अशा वेळी फोन ठेवून घरच्यांशी किंवा शाखेशी बोलावे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. दुसरी बाब प्रकृतीची. कामाला वेळ अधिक लागणे हे वयाचे स्वाभाविक लक्षण आहे. पण तेच बिल दोनदा भरले जाणे, रोजच्या वाटेवर गोंधळ उडणे किंवा नेहमीचा हिशेब अचानक न जमणे हे तसे नाही. ते दिसल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्येष्ठांनी चाळिशीतल्या गतीचा हिशेब सोडला आणि घरच्यांनी ‘तुम्हाला काय काम असते?’ हा प्रश्न सोडला, तर दोघांचाही बराच वैताग वाचेल. दिवसाचे तास कोणाचेच वाढत नाहीत. त्यांतील एखादा तरी आपल्या आवडीच्या कामी यावा, एवढी तजवीज मात्र हाती असते.