गिऱ्हाईक, प्रतिनिधी आणि विम्याचा हप्ता

साडी विकणे आणि विमा विकणे यांत एक मूलभूत अंतर आहे. साडीचा पोत गिऱ्हाईक बोटांनी चाचपते, रंग उजेडात नेऊन पारखते, न पटल्यास दुकानाची पायरी उतरते. विम्याचा माल मात्र वीस-पंचवीस वर्षांनी हाती यावयाचा. आणि ज्या प्रसंगासाठी तो मुख्यतः घ्यावयाचा, त्या प्रसंगी घेणारा स्वतः हयात नसतो. साहजिकच आपण होऊन विमा घेणारे थोडे. १९५६ साली २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. मालकी बदलली, पण दारोदार हिंडणाऱ्या प्रतिनिधीची गरज सरली नाही.

या प्रतिनिधीचे खरे भांडवल म्हणजे माणसे ओळखण्याची हातोटी. एखादा शिक्षक कागद-पेन्सिल घेऊन बेरजा मांडतो. त्याला तक्ता हवा असतो. कचेरीतील लिपिक शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने कोणती पॉलिसी घेतली ते आधी विचारतो, आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जाणार असेल तर त्याचा निर्णय निम्मा झालेलाच असतो. तिसऱ्या घरी बोलतो यजमान, पण ठरवते ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली गृहिणी. तिच्याकडे पाठ करून बसणारा प्रतिनिधी चहा पिऊन रिकाम्या हाताने परततो. चौथ्याला कोणालाच 'नाही' म्हणवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे जॉन पॅटरसन आपल्या विक्रेत्यांकडून विक्रीचे भाषण शब्दशः पाठ करून घेत. या चार घरांत तसल्या एकाच भाषणाचा निभाव लागणे कठीण.

माणसागणिक बोलणे बदलण्यात गैर काही नाही. वर्गातील शिक्षकही तेच करतो. गणित एक, समजावण्याच्या रीती चार. प्रश्न उद्भवतो तो रीतीबरोबर मालही बदलू लागला म्हणजे. ज्याची मुले लहान आणि घरात कमावणारा एकच, त्याला बहुधा साधा मुदत विमा उपयोगी पडतो. त्यात हप्ता अल्प, संरक्षण मोठे. पण अल्प हप्त्यावर दलालीही अल्पच. विमा कायद्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत आणि पुढील वर्षांत साडेसात व पाच टक्के अशी दलालीची मर्यादा कित्येक दशके घालून दिली होती. २०२३ पासून स्वतंत्र टक्केवारीऐवजी कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली, तरी मोठ्या हप्त्याची ओढ त्यामुळे संपली असे मानणे भाबडेपणाचे होईल. अशा वेळी 'नाही' न म्हणवणाऱ्या त्या चौथ्या गृहस्थाच्या गळ्यात बचतीची महागडी पॉलिसी पडते, ती त्याचा स्वभाव ओळखला गेला म्हणूनच.

बँकेत तर स्वभाव ओळखण्याचेही श्रम उरत नाहीत. मुदत ठेवीची रक्कम किती आणि ती कोणत्या तारखेला मोकळी होणार, हे समोरच्या अधिकाऱ्याला आधीच ठाऊक असते. ठेवीचे नूतनीकरण करावयास आलेला निवृत्त मुख्याध्यापक विम्याच्या अर्जावर सही करून घरी जातो. संगणकाच्या पडद्यावरील विक्रीची तऱ्हाही निराळी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली. विमानाच्या तिकिटासोबत विमा नाकारणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचे वाक्य निवडावयास लावणे, हे त्यांतील एका क्लृप्तीचे उदाहरण.

कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून, २०२४ च्या नियमांनुसार, ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. परंतु ज्याला प्रतिनिधीसमोर 'नाही' म्हणता आले नाही, तोच तो लिफाफा न उघडता कपाटात ठेवून देण्याचा संभव अधिक. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून या ३० दिवसांत सभासदांचे कागद वाचून देण्याची सोय करावयास हरकत नसावी.