सामाईक टेकडीवरची फेरी

टेकडीवर फिरावयास जाणे हा शहरवासीयांचा बिनखर्चाचा विरंगुळा होय. ज्या भूमीवरून आपण चालतो ती कोणाची, हा प्रश्न पाय मोकळे करणाऱ्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. परंतु वाट मोकळी असते ती आपोआप नव्हे. ती मोकळी राहावी म्हणून कोणी तरी केव्हा तरी झटलेले असते. याचे उदाहरण म्हणून इंग्लंडातील मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरील एक सोपी फेरी आम्ही श्रोत्यांपुढे ठेवू इच्छितो.

वूस्टरशर व हेरफर्डशर या परगण्यांच्या सीमेवर ही रांग दक्षिणोत्तर सुमारे 13 किलोमीटर पसरली आहे. तिचा खडक अतिप्राचीन, जवळजवळ 68 कोटी वर्षांपूर्वीचा. सर्वांत उंच माथा वूस्टरशर बीकन. त्याची उंची 425 मीटर. पर्वतीच्या पायऱ्यांचा सराव असलेल्यास येथे विशेष दमछाक होणार नाही. ग्रेट मॉल्व्हर्न गावातून 99 पायऱ्या चढून पुढे वळणावळणाने गेले की सेंट ॲन्स वेल हा झरा लागतो. येथील पाण्याची कीर्ती जुनी. 1842 साली विल्सन व गली या डॉक्टरांनी येथे जलोपचार सुरू केले आणि 1849 साली खुद्द चार्ल्स डार्विन उपचारासाठी येऊन राहिला.

झऱ्यापासून माथ्यापर्यंत गवताळ चढण आहे. माथ्यावर झाडी नसल्याने नजर चारी दिशांना धावते: पूर्वेस सेव्हर्न नदीचे सपाट खोरे, पश्चिमेस हेरफर्डशरची शेते व त्यांपलीकडे वेल्सचे डोंगर. तेथून दक्षिणेकडे धारेने उतरत वाइच नावाच्या खिंडीशी यावे आणि पूर्व उतारावरील वाटेने झऱ्याकडे परतावे, म्हणजे वर्तुळ पुरे होते. परतीच्या बाजूस अर्नस्लॉ नावाची जुनी खाण दिसते. खणून काढलेल्या खड्ड्यात आता तळे झाले आहे. दृश्य रम्य खरे. पण तो डोंगराचा तुटलेला लचका आहे, हे विसरू नये.

येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. ही भूमी ‘कॉमन’, म्हणजे सामाईक. पण सामाईक म्हणजे बेवारस नव्हे, आणि सर्वांच्या मालकीची असेही नव्हे. इंग्लंडात अशा जमिनीला बहुधा मालक असतोच. मात्र तीवर गुरे चारण्याचा, सरपण नेण्याचा हक्क आसपासच्या ठराविक लोकांचा असतो. मॉल्व्हर्नचे रान पूर्वी राजाचे शिकारीचे वन होते. पहिल्या चार्ल्सच्या काळी, 1632 साली, त्याची वाटणी झाली. एक तृतीयांश राजाकडे गेले आणि दोन तृतीयांश हक्कदारांसाठी मोकळे राहिले. 1664 च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तरीही कुंपणे सरकतच राहिली. देशभर हेच चालले होते. 1865 साली सामाईक जमिनींच्या रक्षणार्थ एक संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बर्कमस्टेड येथे जमीनदाराने घातलेले लोखंडी कुंपण ऑगस्टस स्मिथ या गृहस्थाने मजूर लावून रातोरात उखडून टाकले. मॉल्व्हर्नला 1884 साली पार्लमेंटने खास कायदा करून संरक्षक मंडळ नेमले आणि अतिक्रमणे रोखण्याचे काम त्याकडे सोपविले. तथापि कायदा झाला म्हणून डोंगर वाचला असे झाले नाही. दगडाच्या खाणी त्यानंतरही अनेक दशके चालल्या व 1970 नंतरच्या दशकात थांबल्या. हिरवळ पुन्हा उगवते. कापून नेलेला कडा परत येत नाही.

नुसत्या चालणाऱ्याचा हक्क तर त्याहून उशिरा आला. 1932 साली डर्बीशरमधील किंडर स्काउट डोंगरावर मज्जाव मोडून शेकडो तरुण चढले; त्यांतील पाच जणांना तुरुंगवास घडला. इंग्लंड-वेल्समधील नोंदलेल्या सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क 2000 सालच्या कायद्याने मिळाला.

हक्काबरोबर खर्च व शिस्तही येते. मॉल्व्हर्नच्या मंडळाला आसपासच्या काही गावांतील रहिवासी कररूपाने पैसा देतात. मेंढ्या व गुरे आजही तेथे चरतात, आणि चरली पाहिजेत. नाही तर नेच्यांची व झुडपांची गर्दी होऊन गवत नाहीसे होईल. तेथे कुत्रा मोकाट सोडणारा फिरस्ता गुराख्याचे आणि आपलेही नुकसान करतो.

आपल्याकडे गायरान व गुरचरण हे शब्द सातबाऱ्यावर आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये गुरचरणासाठी राखलेली जमीन परवानगीवाचून दुसऱ्या कामी लावता येत नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेही गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखण्याचे राज्यांना सांगितले. पण उताऱ्यावरचा शब्द स्वतः उभा राहून कुंपण अडवीत नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच: ज्या टेकडीवर आपण रोज सकाळी जातो, तिचा उतारा एकदा काढून वाचावा. ती कोणाची, कोणत्या कामासाठी राखलेली आणि तिची राखण कोणाकडे, एवढे ज्या गावाला ठाऊक असते, त्या गावाची टेकडी गुपचूप नाहीशी होत नाही.