चिंबोरीचा रस्सा, थरथरत्या हातांसाठी

दात गेले, हात थरथरू लागले, की वडीलधाऱ्यांच्या ताटातून चिंबोरी नाहीशी होते. कवचाची किरच घशात अडकेल ही धास्ती रास्तच आहे. तथापि जन्मभर कुर्ल्यांच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला शेजारच्यांच्या ताटाकडे पाहत वरणभात खायला लावणे क्रूरपणाचे वाटते. कवच फोडण्याचे कष्ट आपण स्वयंपाकघरातच उरकले, तर ही वेळ येत नाही.

चिंबोरी जिवंतच घ्यावी. मेलेलीचे मांस फार लवकर नासते. आकाराच्या मानाने जड लागेल ती भरलेली. ही पारख आजींवर सोपवावी, त्यांचा हात अजून चुकत नाही. नांग्यांची दोरी सोडण्याची घाई नको. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवल्यास चिंबोरी निपचित पडते. मग पाठीचे कवच उचलून दोन्ही बाजूंचे मऊ कल्ले काढावेत व ती स्वच्छ धुवावी. काटा टोचल्यास जखम लगेच साबणाने धुवावी. मधुमेह्यांनी लाली वा सूज वाढताच डॉक्टरांना दाखवावे.

बारीक पाय वाटून त्यांचे पाणी रश्श्यात घालण्याची आपली जुनी रीत येथे फार उपयोगी पडते. मात्र ते पाणी गाळणीतून आणि नंतर सुती कापडातून, असे दोनदा गाळावे. नांग्या व धड पूर्ण शिजवून मांस सोडवावे. धडाच्या कप्प्यांत पातळ पापुद्रे असतात. घाई नडते ती तेथेच. मांस ताटलीत पसरून बोटांनी चाचपावे, कारण डोळ्यांना न दिसलेली किरच बोटांना लागते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात ते घालून एक उकळी आणावी. आमसुले घातल्यास मीठ कमी चालते. वाढताना मऊ भातात कालवावे.

पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर पातळ रस्साही श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा रुग्णांना वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. युरिक आम्लामुळे सांधे सुजले असताना चिंबोरी वर्ज्य. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. आजवर सोसली म्हणून पुढेही सोसेलच असे नाही, ॲलर्जी उतारवयातही प्रथमच उद्भवते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या वा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच काढून खळखळून उकळावा.