डोंगरावरचे ताई-दादा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागतात, तेव्हा इगतपुरीचा डोंगर मुलांना दाखवावा. भात खळ्यावर आलेला असतो, ओहोळ अजून वाहत असतात आणि पायाखालचा चिखल वाळलेला असतो. भर पावसात धबधब्याखाली काढलेल्या सहलींत मुलं भिजतात, शिकत काहीच नाहीत. शिवाय ओढ्याला अचानक चढणारं पाणी जिवावर बेततं.

इथे शिकण्यासारखी पहिली गोष्ट पाण्याची. एकाच डोंगररांगेच्या पूर्वेचा पाऊस दारणेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराकडे जातो. पश्चिमेचा वैतरणा-भातसातून अरबी समुद्राकडे. दारणेवर १९१६ साली धरण झालं आणि त्याचं पाणी गोदावरीच्या कालव्यांतून नगरच्या शेतांना मिळू लागलं. वैतरणा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात. आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या याच मुलखातल्या कित्येक वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन वणवण करतात. असं का, हा प्रश्न मुलांना उतारावर उभं केल्यावर खरा पडतो. उत्तर शोधायला पत्र्याचा एक डबा पुरतो. त्याची दोन्ही तोंडं कापायची, तो दोन बोटं मातीत रुतवायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते बघायचं. आधी झाडाखाली, पाचोळ्याच्या मातीत. मग गुरांनी तुडवलेल्या उघड्या माळावर. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, की खालचा कातळ, वरचा मातीचा पातळ थर आणि झाडांचं काम या तिन्ही गोष्टी मुलं आपणहून बोलू लागतात.

पण चाळीस मुलांमागे एक शिक्षक असेल, तर डबा बघणारी पुढची पाचच असतात. म्हणून डोंगरावरच्या अशा दिवसभराच्या शिबिरात मला सर्वांत मोलाची वाटतात ती नववी-दहावीची मुलं. सहा-आठ जणांच्या गटाला एक ताई किंवा दादा. स्काउटमध्ये संघनायकाची पद्धत पहिल्यापासून आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सहावीची मुलं निसर्गशाळेत राहायला जातात, तेव्हा त्यांचे गट हायस्कूलचे विद्यार्थी सांभाळतात. २०१६ साली तिथल्या मतदारांनी या शाळांसाठी लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा मंजूर केला. इगतपुरीकरांना हे समजायला इतक्या लांब जायला नको. कसाऱ्याहून घाट चढताना ३७ फुटांना १ फूट असा चढ लागतो, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिन जोडतात. शिक्षक पुढे, ताई-दादा मागे, असं चाललं की कुणी रेंगाळून मागे पडत नाही.

हे ताई-दादा शहरातून आणू नयेत. इथल्याच महादेव कोळी, ठाकर, कातकरी पाड्यांवरच्या मुलामुलींना भाताच्या रोपांसाठी राब कसा भाजतात ते ठाऊक असतं. शेवळाची भाजी काकडं न घालता केली तर घसा खाजतो, हेही ठाऊक असतं. कारवी फुलली की पुन्हा फुलायला सात-आठ वर्षं लागतात. दुसरीत असताना ती बघितलेली मुलगी पुढच्या फुलोऱ्याला नववी-दहावीत असते आणि लहानांना घेऊन तोच डोंगर चढू शकते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे केव्हाच उमगलं होतं. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांनी पाहिलं, की वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा सुरू झाली. गुराख्याला रानातलं जे कळतं, ते तिथे अज्ञान ठरलं नाही. आजही आपल्या परीक्षेत त्याला गुण नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यांतले दोन इगतपुरी परिसरातल्या शाळांनी असे वापरावेत. ताई-दादांना आधी आठवडाभर तयारी द्यावी: साप दिसला तर गट कसा थांबवायचा, वीज चमकू लागली की माळावरून कसं उतरायचं, उत्तर सांगण्याआधी प्रश्न कसा विचारायचा. मोठं माणूस सोबत हवंच; जबाबदारी त्याचीच राहते. पाड्यावरच्या मुलांना या कामाचं मानधन आणि शाळेचं प्रमाणपत्र मिळावं.

दोन दिवसांपैकी एक नोव्हेंबरात असावा, दुसरा एप्रिलात. दोन्ही वेळा गावातल्या एकाच विहिरीत तीच दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते त्याच गटाने मोजावं आणि दोन्ही आकड्यांचा तक्ता ताई-दादांनी ग्रामसभेत मांडावा. पाण्याच्या टाकीसाठी, बांधासाठी गावाला जे अर्ज करावे लागतात, त्यांना तो जोडता येईल.