निवृत्तिवेतन व अर्धवेळ उत्पन्न यांवरील प्राप्तिकर (ग्रेट ब्रिटन)

ग्रेट ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा योजनेखालील वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन घेत असतानाच एखाद्या व्यक्तीने अर्धवेळ नोकरी करून मिळविलेल्या उत्पन्नावर होणारी प्राप्तिकराची आकारणी. हे निवृत्तिवेतन विशिष्ट मालकाकडे केलेल्या सेवेबद्दल मिळत नसून उमेदीच्या काळात भरलेल्या वा खात्यावर जमा धरलेल्या विमा-वर्गणीच्या वर्षांवरून ते ठरते. ते करपात्र उत्पन्न आहे. मात्र ते देताना त्यातून कर कापला जात नाही. परिणामी निवृत्तिवेतनामुळे देय होणारा करही अर्धवेळ वेतनातूनच वसूल होतो आणि अल्प वेतनावर जादा कर बसविला गेला, असा करदात्याचा समज होतो. हा समज बरोबर आहे की नाही, हे दोन्ही उत्पन्नांची बेरीज केल्यावाचून कळत नाही.

इतिहास : १९०८ च्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन अधिनियमानुसार १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या व अल्प उत्पन्न असलेल्या व्यक्तींना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. वर्गणीवर आधारलेली योजना १९२५ च्या अधिनियमाने आली. १९४६ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाने तिला व्यापक रूप दिले व ती ५ जुलै १९४८ पासून अंमलात आली. या योजनेत पुरुषांसाठी ६५ व स्त्रियांसाठी ६० हे निवृत्तीचे वय धरले होते आणि काम सोडणे ही निवृत्तिवेतनाची अट होती. पुढील पाच वर्षांत ठराविक मर्यादेपेक्षा अधिक कमाई झाल्यास निवृत्तिवेतनच कमी केले जाई. ‘कमाईचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा हा निर्बंध ऑक्टोबर १९८९ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून कितीही कमाई केली, तरी निवृत्तिवेतन घटत नाही. तिचा परिणाम केवळ प्राप्तिकरावर होतो. जुना नियम लोकांच्या स्मरणात राहिल्याने या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

६ एप्रिल २०१६ पासून निवृत्तीचे वय गाठणाऱ्यांना ‘नवे निवृत्तिवेतन’ लागू झाले. त्याच्या पूर्ण दरासाठी साधारणतः ३५ वर्षांची व किमान हक्कासाठी दहा वर्षांची वर्गणी आवश्यक असते. स्त्री-पुरुषांचे निवृत्तीचे वय २०२० मध्ये ६६ झाले. २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ करण्याची तरतूद आहे.

आकारणीचे तत्त्व : कर-वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे असते. या वर्षातील निवृत्तिवेतन, मालकाकडून मिळणारे सेवा-निवृत्तिवेतन, अर्धवेळ वेतन इ. करपात्र उत्पन्नांची बेरीज करून तीतून एकच वैयक्तिक करमुक्त रक्कम वजा करतात. प्रत्येक उत्पन्नासाठी वेगळी सूट नसते. ही रक्कम २०२१–२२ पासून १२,५७० पौंड आहे. तिच्यावरील उत्पन्नास प्रथम २० टक्के हा मूळ दर लागतो. स्कॉटलंडमध्ये वेतन व निवृत्तिवेतन यांवरील कराचे दर व टप्पे वेगळे आहेत. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारे पूरक साहाय्य, म्हणजेच ‘पेन्शन क्रेडिट’, करपात्र नसते.

वसुलीची पद्धती : वेतनातून प्राप्तिकर परस्पर कापून घेण्याची पद्धती ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये सुरू झाली. तीनुसार महसूल खाते प्रत्येक नोकरदारासाठी एक संकेतांक ठरवून मालकास कळविते. संपूर्ण करमुक्त रक्कम वेतनासाठी उपलब्ध असल्यास १२५७एल हा संकेतांक मिळतो. यातील अंक म्हणजे शेवटचा आकडा गाळलेली करमुक्त रक्कम होय. निवृत्तिवेतन सुरू झाले, की त्याची वार्षिक रक्कम या सुटीतून आधी वजा करतात व उरलेली सूटच वेतनास लागू होते.

उदा., २०२५–२६ मध्ये पूर्ण नवे निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे ५२ आठवड्यांचे ११,९७३ पौंड होते. ते घेणाऱ्या व्यक्तीने इंग्लंडमधील एखाद्या दुकानात वर्षाकाठी ६,००० पौंड वेतनावर अर्धवेळ काम केले, तर तिचे एकूण उत्पन्न १७,९७३ पौंड होते. त्यातून १२,५७० पौंड वजा जाता ५,४०३ पौंड करपात्र उरतात व २० टक्क्यांनी १,०८०.६० पौंड कर होतो. वेतनापुरती सूट केवळ ५९७ पौंड उरल्याने संकेतांकातील अंक ५९ वर येतो. महिना ५०० पौंड वेतनातून सु. ९० पौंड कापले जातात. ६,००० पौंड ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ही कपात चुकीची वाटते; प्रत्यक्षात ती दोन्ही उत्पन्नांवरील एकत्रित कराची असते.

निवृत्तिवेतन करमुक्त रकमेहून अधिक असेल, तर ‘के’ अक्षराचा संकेतांक देतात. त्यात सूट देण्याऐवजी करपात्र वेतनात भर घातली जाते. तथापि एका वेळच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक कर कापता येत नाही. सेवा-निवृत्तिवेतनही मिळत असल्यास उरलेली सूट बहुधा त्यास लागू करतात व अर्धवेळ वेतनास ‘बीआर’ संकेतांक देऊन सर्व वेतनावर २० टक्के कर कापतात. अशा वेळी सुटीचा काही भाग वापरलाच जात नाही, असे आढळल्यास ती दोन्हींत विभागून मागता येते. वेतन वा सेवा-निवृत्तिवेतन नसणाऱ्यांकडे आवश्यक तेथे वर्षअखेर कराची मागणी थेट पाठविण्यात येते.

होणाऱ्या चुका : निवृत्तिवेतन वर्षाच्या मध्यावर सुरू झाल्यास संकेतांक बदलण्यास काही काळ लागू शकतो. तोपर्यंत १२५७एल तसाच राहिला, तर कर कमी कापला जातो. अशी ३,००० पौंडांच्या आतील थकबाकी सामान्यतः पुढील वर्षाच्या संकेतांकातून वसूल होते व त्या वर्षी कपात दुहेरी भासते. उलट, संकेतांकात निवृत्तिवेतनाची रक्कम जादा धरली गेल्यास कर अधिक कापला जातो. जादा भरलेला कर कर-वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत परत मागता येतो. म्हणून संकेतांकाच्या सूचनापत्रातील निवृत्तिवेतनाचा आकडा स्वतः ताडून पाहणे महत्त्वाचे ठरते.

सवलती : निवृत्तीचे वय पूर्ण झाल्यावर नोकरदारास आपल्या वेतनावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी द्यावी लागत नाही, मालकाचे दायित्व मात्र कायम राहते. वयाचा पुरावा मालकाकडे वेळेवर न दिल्यास ही वर्गणी चुकीने कापली जाण्याचा संभव असतो. काम चालू असेतोवर निवृत्तिवेतन लांबणीवरही टाकता येते. २०१६ नंतरच्या योजनेत दर नऊ आठवड्यांच्या विलंबास एक टक्का, म्हणजे वर्षास सु. ५.८ टक्के वाढ मिळते. मात्र वाढलेले निवृत्तिवेतनही पुढे करपात्रच असते.

गोठलेली मर्यादा : २०११ पासून निवृत्तिवेतन वेतनवाढ, भाववाढ व २.५ टक्के यांपैकी सर्वाधिक प्रमाणात वाढविण्याचे धोरण आहे. २०२२–२३ मध्ये त्यातील वेतनवाढीचा निकष स्थगित होता. करमुक्त रक्कम मात्र २०२१ पासून वाढलेली नाही. २०२१–२२ मध्ये पूर्ण निवृत्तिवेतन वर्षाला सु. ९,३३९ पौंड होते व अर्धवेळ वेतनासाठी सु. ३,२३१ पौंडांची सूट उरत असे. २०२५–२६ मध्ये ती ५९७ पौंडांवर आली. २०२६–२७ साठी ठरलेल्या आठवड्याला २४१.३० पौंड या दराने ती जेमतेम २२ पौंड उरते. कराचा दर न वाढविताही पूर्ण निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या वेतनातील जवळजवळ प्रत्येक पौंड अशा रीतीने करकक्षेत आला आहे. १९८९ मध्ये वृद्धांच्या कमाईवरील निर्बंध उठला. आता अल्प वेतनासाठी काम करण्याचा निर्णय घेताना या करभाराचा विचार त्यांना करावा लागतो.

भारतातील पद्धतीशी तुलना : भारतात निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याचे मासिक निवृत्तिवेतन ‘वेतन’ या शीर्षाखाली करपात्र असते व ते देणारी बँक त्यातूनच कर कापते. ब्रिटनमधील राष्ट्रीय विम्याच्या निवृत्तिवेतनाबाबत अशी कपात नसल्याने तेथे तो भार दुसऱ्या उत्पन्नावर पडतो. ब्रिटनमध्ये नोकरी करून भारतात स्थायिक झालेल्यांना हे निवृत्तिवेतन भारतातही मिळते. परंतु येथे राहणाऱ्यांना त्यातील वार्षिक वाढ दिली जात नाही.